घटसर्प फक्त गुरांना होतो? नाही, तात्या

आमच्या औसा-निलंग्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले एक आमचे तात्या. म्हणणं असं: घटसर्प हा गुरांचा रोग, लेकरांना त्याची सुई कशाला? घशात पडदा दिसला तर कापसानं पुसून काढा, हळद-मिठाच्या गुळण्या करा. फारच झालं तर अँटिबायोटिकची गोळी आहेच.

‘गुरांचा रोग’. हा घोळ नावाचा आहे, त्यात तात्यांचा दोष नाही. पावसाळ्याच्या तोंडावर म्हशींना लस टोचतात ती घटसर्पाचीच. पण त्याचा जीवाणू पाश्चुरेला मल्टोसिडा. लेकरांचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, त्याचा जीवाणू कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी. नाव एक, रोग दोन.

‘पडदा पुसा, गुळण्या करा’. पडदा पुसू नका. तो खालच्या पेशींना घट्ट धरून असतो, ओरबाडला की रक्त येतं. आणि खरा घात पडद्याच्या पलीकडं चाललेला असतो. जीवाणू घशातच राहतो, त्याचं विष रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत जातं.

तिथं ते काय करतं? पेशीत प्रथिनं रायबोसोम नावाच्या बारीक यंत्रावर तयार होतात: एमआरएनएवरची (जनुकातल्या मजकुराची नक्कल) तीन अक्षरं वाचायची, एक अमिनो आम्ल जोडायचं, पुढची तीन घ्यायची. रायबोसोमला हे एकट्याला झेपत नाही. ईएफ-१ए हा घटक टीआरएनए या वाहक रेणूवर बसलेलं अमिनो आम्ल आणून देतो. जोडणी झाली की ईएफ-२ हा दुसरा घटक जीटीपी हे पेशीतलं इंधन खर्चून रायबोसोमला तीन अक्षरं पुढं सरकवतो. पैठणीच्या मागावर विणलेलं कापड गुंडाळून घेतलं नाही तर पुढचा धागा टाकायला जागा उरत नाही, तसंच इथं. माणसाच्या पेशीत एकेका रायबोसोमवर हे सेकंदाला पाच-सहा वेळा घडतं.

विष नेमकं ईएफ-२ला गाठतं. विषाचा एक भाग पेशीला चिकटतो, दुसरा आत शिरून ईएफ-२वरच्या डिप्थामाइड नावाच्या जागी एडीपी-रायबोज हा रेणूचा तुकडा डकवतो. सरकणं थांबतं. अमिनो आम्लं भरपूर, रायबोसोम धडधाकट, तरी प्रथिन होत नाही आणि पेशी मरते. आत शिरणारा भाग एन्झाइम आहे, एका ईएफ-२ला निकामी करून दुसऱ्याकडं वळतो. १९७८ साली दिसलं की पेशी मारायला असा एक रेणूही पुरतो. जीवाणूच्या स्वतःच्या ईएफ-जीवर (ईएफ-२चंच काम करणारा त्याचा घटक) डिप्थामाइड नसतं, म्हणून तो सुखरूप. बरं, या विषाचं जनुकही उसनं, जीवाणूत शिरलेल्या विषाणूनं आणलेलं!

आता हळदीची गुळणी हृदयाच्या पेशीतल्या ईएफ-२पर्यंत कुठल्या वाटेनं जाणार?

‘गोळी आहेच’. अँटिबायोटिक लागतंच, त्यानं जीवाणू मरतो. सुटलेलं विष मात्र तसंच राहतं. त्यासाठी प्रतिविष असतं; त्यावरच्या कामासाठी बेहरिंग यांना १९०१ सालचं वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. तेही पेशीबाहेरचंच विष पकडतं, आत गेलेलं नाही. म्हणून पडदा दिसला त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लेकरांची सुई म्हणजे हेच विष, निकामी करून दिलेलं. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ वर्षांना डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), मग १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात, घटसर्प). शेवटच्या दोन विसरू नका. तात्या, नातवाचं कार्ड काढून बघा.