ज्वालामुखीच्या नावावर खपवला जाणारा कोळशाचा धूर

माझ्या भाचीने शाळेच्या निबंधात लिहिले होते की, माणसाने आजवर सोडला नसेल एवढा कार्बन डायऑक्साइड एक ज्वालामुखी एका दिवसात सोडतो. हे वाक्य नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणाऱ्या संदेशातून आले होते. हा वायू पिकांचे अन्न आहे आणि वीजकेंद्रांच्या धुराड्यांना आता यंत्रे बसवल्यामुळे कोळशाचा अपाय उरलेला नाही, असेही त्यात पुढे म्हटले आहे. मोठ्यांनी न तपासता पुढे पाठवलेले मुलांच्या वहीत उतरत असेल, तर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

ज्वालामुखीचा दावा निखालस खोटा आहे. ज्वालामुखीतज्ज्ञ टेरेन्स गेरलाख यांनी २०११ मध्ये उपलब्ध मोजमापांचा आढावा घेतला. त्यानुसार समुद्रतळावरचे धरून जगातील सर्व ज्वालामुखी वर्षाला १३ ते ४४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतात, तर २०१० या एका वर्षात माणसाने सोडलेला वायू सुमारे ३,५०० कोटी टन होता. ज्वालामुखींच्या बाजूने सर्वांत मोठा आकडा धरला, तरी आपला वाटा सुमारे ऐंशी पट भरतो. १९९१ साली फिलिपिन्समधील पिनाटुबोचा प्रचंड उद्रेक झाला, त्यातून सुमारे पाच कोटी टन वायू बाहेर पडला. माणूस तेवढा अर्ध्या दिवसात सोडतो. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ पासून चालू असलेल्या, हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या नोंदींत या उद्रेकानंतर उसळी दिसत नाही, उलट पुढची एक-दोन वर्षे वाढीचा वेग मंदावला होता. शिवाय कोळसा आणि तेल जळताना हवेतला ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि हवेतील ऑक्सिजन किंचित पण सातत्याने घटत असल्याचे मोजले गेले आहे. जमिनीच्या पोटातून आयता बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड अशी घट घडवू शकत नाही.

ज्वालामुखीने जगाचे हवामान बदलते, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण पिनाटुबोच्या गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने थंड केली. त्याने तापमानवाढ झाली नाही.

पिकांच्या अन्नाचा मुद्दाही अर्धवटच आहे. जादा कार्बन डायऑक्साइडने भात आणि गव्हाची वाढ होते, पण दाण्यातील प्रथिने, लोह आणि जस्त घटतात. ज्वारी, बाजरी आणि ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत निराळी असल्याने त्यांना, पाण्याची ओढ असताना थोडी मदत सोडली, तर फारसा लाभ होत नाही. ज्या महाराष्ट्रात ही पिके एवढी घेतली जातात, तिथे हा संदेश शेतकऱ्याच्या हिताचा म्हणून फिरावा, याचा मला संताप येतो.

राहिली धुराड्यांची यंत्रे. ती प्रामुख्याने राख पकडतात. सल्फर डायऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा लागते; ती बसवणे भाग पाडणारे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये काढले, मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक वीजकेंद्रांना त्यातून सूटच दिली. कार्बन डायऑक्साइड तर या दोन्हींपैकी कोणतीच यंत्रणा अडवत नाही.