अग्निवीर मेडिकल : 'अनफिट म्हणजे संपलं' हे खोटं आहे

भरतीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : मेडिकलला एकदा अनफिट ठरलात की परत संधी नाही, आणि शेवटी इंटरव्ह्यू असतो, तिथे 'सेटिंग' लागते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पाच दिवसांचा एसएसबी (सैन्याचं निवड मंडळ) इंटरव्ह्यू असतो तो अधिकारीपदासाठी. अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग रॅलीत, म्हणजे भरती मेळाव्यात, १.६ किलोमीटर धाव, पुलअप्स, ९ फुटी खड्ड्यावरून उडी, आणि नंतर मेडिकल. यादी गुणांवर लागते. सेटिंगसाठी पैसे मागणारा सरळ फसवतोय. वडिलांची जमीन गहाण टाकू नका.

रॅलीत अनफिट सांगितलं, तर लष्करी रुग्णालयात तज्ज्ञांकडून फेरतपासणी होते. अनफिट सांगताना दिलेला कागद नीट वाचा, दिलेल्या मुदतीत हजर व्हा. घाबरून घरी परतणारी पोरं पाहिली की जीव तुटतो.

कानाचं तर विशेष सांगतो. मळ साचला असेल तर डॉक्टरांना पडदाच दिसत नाही. तो आधीच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घ्या, काडी घालू नका. कपडे उतरवून तपासणी होते. गुडघे, तळपाय, हर्निया, मूळव्याध सगळं पाहतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.