कावीळ उतरली, पण नळी उघडली का?

"पित्तनलिका आवळलेली दिसली तरी घाबरू नका. आयजीजी-४ तपासा. वाढलेलं असेल तर कॅन्सर नाही, ऑटोइम्युन आजार आहे. बायोप्सी नको, कॅन्सर पसरतो. स्टिरॉइडने कावीळ उतरली की निदान पक्कं." हा फॉरवर्ड आता मामींच्या मोबाइलवर पोचलाय, आणि त्यांच्या भावाची ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचण्याची प्रक्रिया) परवावर आली आहे.

आधी आयजीजी-४, म्हणजे रक्तातलं एक प्रतिपिंड. मेयो क्लिनिकच्या २०११ च्या अभ्यासात पित्तनलिकेचा कॅन्सर असलेल्या १२६ रुग्णांपैकी १३.५ टक्क्यांमध्ये ते डेसिलिटरमागे १४० मिलिग्रॅमच्या वर होतं. २८० च्या वर फक्त ३.२ टक्के. म्हणजे १६० आलं म्हणून पेढे वाटू नका. उलट, ऑटोइम्युन आजार असूनही ते नॉर्मल येऊ शकतं.

सगळ्यात घातक वाक्य कावीळ उतरण्याचं. ईआरसीपीत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकला की अडलेलं पित्त वाहतं आणि बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, खाली येतं, नळीत कॅन्सर असला तरी. त्याच आठवड्यात स्टिरॉइड सुरू केलं की श्रेय गोळीला! वर भूक लागते, तरतरी येते, घरचे खूश. म्हणून बिलिरुबिन नव्हे, आवळलेला भाग बघायचा. आधी ब्रश (नळी आतून घासून घेतलेल्या पेशी) आणि बायोप्सी, मगच प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड: वजनाच्या किलोमागे साधारण ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३५ ते ४० मिलिग्रॅम रोज. २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय. नळी मोकळी झालेली नसेल तर कॅन्सरचा शोध पुन्हा सुरू. घरच्या घरी तीन महिने 'बघू या' करण्यात ऑपरेशनची वेळ निघून जाते.

बायोप्सीचं चिमूटभर खरं आहे, मान्य. यकृताच्या मुखाशी गाठ असेल आणि प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर पोटातून सुई घालून तुकडा घेणं टाळतात. पण ईआरसीपीत नळीच्या आतून घेतलेला ब्रश ही वेगळी गोष्ट. त्याची अडचण निराळीच: तो कॅन्सर बऱ्याचदा हुकवतो, म्हणून 'निगेटिव्ह' म्हणजे सुटका नव्हे. आणि हो, कॅन्सर समजून कापलेली नळी नंतर साध्या सुजेची निघते, असंही घडतं. म्हणूनच तर स्वादुपिंड सुजलंय का, लाळग्रंथी फुगल्यात का, या ऑटोइम्युन आजाराच्या खुणा आधी पाहतात.

सीए १९-९ (कॅन्सरच्या शोधात करतात ती एक रक्ततपासणी) वाढलं की कॅन्सरच, असंही फॉरवर्डच्या खाली जोडलंय. तुंबलेल्या पित्तानेही ते चढतं. कावीळ उतरल्यावर पुन्हा मोजा.

आणि गोळी सुरू झालीच, तर साखर मोजत राहा. महिनाभर घेतलेलं स्टिरॉइड मनाने एकदम बंद करायचं नसतं, तेही या फॉरवर्डमध्ये नाही.