दलालाचा सिनेमा कसा पाहावा

राजकीय दलालाचा सिनेमा कसा पाहावा हे गोवेकराला शिकवायची खरं तर गरज नाही. तरी नवख्यांसाठी चार गोष्टी.

सिनेमा परदेशीच निवडा. 'कॅसिनो जॅक' (२०१०) उत्तम. वॉशिंग्टनचा लॉबिस्ट जॅक अब्रामॉफ, त्याच्या भूमिकेत आरशासमोर दात घासता घासता स्वतःलाच भाषण ठोकणारा केव्हिन स्पेसी, आणि शेवटी तुरुंग. सगळं लांबचं.

योग्य जागी 'अरेरे' म्हणा. टेक्सासच्या टिग्वा आदिवासींचा कॅसिनो बंद पडावा म्हणून अब्रामॉफ आणि त्याच्या जोडीदाराने आधी आतून जोर लावला, आणि मग 'उघडून देतो' म्हणत त्यांच्याच दारात जाऊन ४२ लाख डॉलर काढले. उघडला नाहीच. अरेरे. दुसऱ्या दिवशी आपली फाईल ज्याने अडवली, त्याच्याच माणसाकडे पाकीट पोचवा.

घरी जाताना मांडवीकडे पाहू नका. फ्लोरिडात अब्रामॉफने घेतलेली जहाजं जुगारासाठी राज्याच्या हद्दीबाहेर समुद्रात तरी जात. आपली कॅसिनो-जहाजं मांडवीत, पणजीच्या काठाला हाकेवर नांगरलेली, कागदावर 'ऑफशोअर'. हलवणार आहेत. मुदतवाढ संपली की.

फोन बंद ठेवू नका. हे मी परवा मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांकडून शिकलो. पडद्यावर सेनेटची समिती अब्रामॉफला फैलावर घेत होती आणि कानामागे आवाज, "टेन्शन घेवं नाका पात्रांव, जातलें." म्हणजे काळजी नको शेठ, होईल. 'ऑर्चर्ड' म्हणजे बागायती जमिनीचं 'सेटलमेंट', म्हणजे बांधकामाची जमीन, करायचं होतं. कुठला सर्व्हे नंबर, कुणाला किती, कुणाला 'नंतर बघू', सगळं थिएटरभर. अब्रामॉफने निदान आपल्या गिऱ्हाइकांची टिंगल ईमेलमध्ये केली होती, आणि त्याच ईमेल पुढे त्याच्या गळ्याशी आल्या. ह्याला ना लाज, ना भीती! मी दोनदा वळून पाहिलं, तर त्याने मान हलवून ओळख दाखवली. बाकी कुणी 'शू' सुद्धा केलं नाही. का, ते दिवे लागल्यावर कळलं: दोघं-तिघं त्याचा नंबर घेत उभे होते. सिनेमावर चर्चा? झाली ना. 'अमेरिकेतसुद्धा असंच असतं हां' म्हणाले सगळे.

देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेऊन २०२२च्या सप्टेंबरात पलीकडे, भाजपमध्ये गेलेल्या काँग्रेस आमदारांचा विषय काढू नका.

आता सरळच बोलतो. अब्रामॉफने जानेवारी २००६मध्ये गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. त्याच्या मेहेरबानीवर असलेला खासदार बॉब ने हासुद्धा गेला. सुटून आल्यावर गडी सुधारला नाही, २०२०मध्ये लॉबिंगच्याच कायद्याखाली पुन्हा सापडला. पण तिथे लॉबिस्टला नाव नोंदवावं लागतं, लपवलं तर खटला होतो. इथे तो चवथीला तुमच्या गणपतीच्या माटोळीपुढे बसून नेवऱ्या खातो, कारण मुलाच्या सरकारी नोकरीचं तुम्ही त्याच्याच कानावर घातलंय. तुमच्या वाड्यावरचं शेत रात्री टिपर लावून मातीने कुणी भरलं, तुम्हाला नावानिशी ठाऊक आहे. रविवारी ग्रामसभेत त्यावर भांडायला तीच चार डोकी उभी राहतात, आणि त्यांना 'विकासविरोधी' म्हणून हसणारे तुम्हीच असता. हसा. पुढचा सर्व्हे नंबर तुमचाच आहे.