डीएच ठेवा, पण फुकट देऊ नका

बेसबॉलमधला डीएचचा वाद 2022 ला मिटला असं सगळे म्हणतात. माझ्या मते नाही मिटला, आणि आयपीएलच्या इम्पॅक्ट प्लेयरवर (मॅचच्या मधेच एकाच्या जागी दुसरा गडी आणायची सोय) इथे जी भांडणं चालतात ना, त्यांचा हा थोरला भाऊच समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डीएच म्हणजे डेझिग्नेटेड हिटर, पिचरच्या (म्हणजे बेसबॉलमधल्या बॉलरच्या) जागी फक्त बॅटिंग करणारा गडी. फिल्डिंग वगैरे काही नाही, नंबर आला की बॅट फिरवायची आणि परत डगआउटमधे जाऊन बसायचं. अमेरिकेतल्या मेजर लीगचे दोन भाग, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. अमेरिकन लीगने हे 1973 ला आणलं कारण तेव्हा पिचर फार भारी पडत होते आणि रन होत नव्हते. नॅशनल लीग मात्र 2020 चा कोविडवाला सीझन सोडला तर थेट 2021 पर्यंत अडून राहिली, मग तिनेही हात टेकले.

आता पिचर लोकांची बॅटिंग भंगार असायची यात वादच नाही. दहा वेळा येऊन जेमतेम एक हिट. वर दुखापतीची भीती. अमेरिकन लीगमधल्या यांकीज टीमचा पिचर च्येन-मिंग वांग, 2006 आणि 2007 दोन्ही वर्षी 19-19 मॅच जिंकलेला माणूस, 2008 ला नॅशनल लीगच्या मैदानावर ह्यूस्टनला खेळताना बेसवर पळायला लागलं आणि पायाला असं लागलं की सीझनच संपला, पुढेही तो पूर्वीसारखा झालाच नाही. आणि पिचरनेच बॅटिंग करावी म्हणणारे जुने लोक लगेच पिचर बार्टोलो कोलोनचं नाव काढतात, 2016 ला सॅन डिएगोत त्रेचाळिशीला टेकलेल्या त्या जाडजूड बाबाने करिअरमधला पहिला होमर (आपल्याकडच्या सिक्ससारखा) मारला होता. मजा आलीच, पण तेवढ्यासाठी बाकीचे शेकडो स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल न लागताच आउट होणं, सहन करा म्हणणं मला तरी पटत नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. नऊपैकी सातवी इनिंग, तुम्ही एका रनने मागे, दुसऱ्या बेसवर माणूस, दोन आउट, आणि नंबर कोणाचा तर पिचरचा, जो आज झकास टाकतोय. त्याला काढून दुसरा बॅटर पाठवायचा की ठेवायचा? बेसबॉलमधे एकदा बाहेर गेलेला परत येत नाही. काढला तर रन मिळेलही पण पुढच्या दोन इनिंग बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरांच्या भरवशावर. आणि समोरचा मॅनेजर त्याआधीच आठव्या नंबरच्याला मुद्दाम वॉक (फुकटचा पहिला बेस) देऊन पिचरला गाठणार. आख्खं स्टेडियम त्या पाच मिनिटांत मॅनेजर झालेलं असायचं!! डीएचमुळे हा प्रश्नच उडाला. बॅटिंग एकाची, बॉलिंग दुसऱ्याची, कशाची किंमतच मोजावी लागत नाही.

रोहित 2024 ला हेच बोलला होता, इम्पॅक्ट प्लेयरमुळे ऑलराउंडर मागे पडतात, दुबे आणि वॉशिंग्टन सुंदरला बॉलिंगच मिळत नाही. बरोबरच आहे. आपला आगरकर घ्या, ऑस्ट्रेलियासमोर शून्यांची रांग लावून बॉम्बे डक नाव पडलं आणि त्याच माणसाने 2002 ला लॉर्ड्सवर नाबाद 109 मारले. त्याच्या जागी कोणी खास बॅटर पाठवला असता तर?

जपानी स्टार ओहतानीची गंमत बघा. त्याला पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही येतं, तर 2022 ला त्याच्यासारख्यांसाठी वेगळा नियम करावा लागला की स्टार्टिंग पिचर माउंडवरून (पिचर टाकतो त्या उंचवट्यावरून) उतरला तरी डीएच म्हणून खेळत राहू शकतो. खरं तर हा नियम चांगलाय, माझी तक्रार नाही. पण दोन्ही येणं हा अपवाद धरून नियम लिहायची वेळ आली ना. जपानमधे सेंट्रल लीग उरली होती, तीपण 2027 पासून डीएच घेतेय.

जुनं परत आणा असं मी म्हणणार नाही, ते येत नसतं. पण अटलांटिक लीग या अमेरिकेतल्या छोट्या लीगने 2021 ला डबल हुक नावाचा प्रकार करून बघितला, तो मेजर लीगने उचलावा. स्टार्टिंग पिचर काढला की त्याच्याबरोबर डीएचपण गेला, पुढे त्या जागी पिंच हिटर, म्हणजे ऐनवेळचा बदली बॅटर, शोधत बसा. खेळाडूंच्या युनियनला आवडणार नाही, वय झालेल्या हिटरची डीएच ही हक्काची जागा आहे. पण हल्ली पाचव्या इनिंगमधेच स्टार्टरला घरी पाठवायची जी सवय लागलीये, तिच्यावर मला तरी दुसरा इलाज दिसत नाही. डीएच जाईल म्हटल्यावर मॅनेजर दहादा विचार करेल.