'गुंगीची गोळी' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने लिहिणारे महोदय,

एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, आवर न घालता येणं) औषधांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया टाकलीत. आधी माझी चूक. ऱ्होड आयलंडमधल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर ती शांत झाली, हा अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ब्रॅडलींचा अहवाल १९३७चा. मी १९४७ लिहिलं होतं. दुरुस्त करते, आभार.

आता तुमचं ते वाक्य : "आईबापांना पोर सांभाळायचा कंटाळा, म्हणून त्याला गुंगीत ठेवायची ही गोळी." मुद्दा काय तो असो, ही बोलायची रीत झाली का? स्वतः टोपणनावाआड बसायचं आणि दुसऱ्याच्या आईपणाचा पंचनामा करायचा!

आणि गुंगी कसली? ही गोळी म्हणजे मिथाइलफेनिडेट, ते उत्तेजक आहे हो. मेंदूत सुटलेलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पेशी परत ओढून घेतात, ते हे औषध अडवतं. मग कपाळामागच्या, 'थांब' म्हणणाऱ्या भागाला ही रसायनं जास्त मिळतात. एक चाचणी असते : बटण दाबायला हात निघालाय आणि तेवढ्यात थांबायचा इशारा येतो. औषध घेतलेली एडीएचडीची मुलं त्यात लवकर आवरतात. पेंगणारं पोर आवरेल?

माझा मुलगा सात वर्षांचा असताना हात सोडून फुग्यामागे रस्त्यावर धावला. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितेय. त्याआधी ब्राह्मी झाली, साखर बंद झाली, शनिवारी मारुतीला तेल झालं. फटकेसुद्धा दिलेत, लपवत नाही. ही गोळी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे ती सगळीकडे मिळत नाही. चिठ्ठी घेऊन चार-चार मेडिकल पालथी घालते मी दर महिन्याला. कंटाळलेली बाई एवढं करते? आता तो फुटपाथच्या कडेला थांबतो, दोन्हीकडे बघतो. दंगा करतो, भांडतो, अजिबात पेंगत नाही. तुम्हाला मुलं आहेत का, असं विचारणार होते. जाऊ दे.

बाकीचं थोडक्यात. "व्यसनी लोक हेच ओढतात" : मात्रा बघा, वेग बघा. पोटातून सावकाश चढणारी गोळी आणि नाकातून झटक्यात चढणारी पूड यांत फरक आहे. भूक, झोप, उंची : डॉक्टर दर भेटीला वजन-उंची घेतात, ते आम्हाला शिकवू नका.

राहिला १९७८चा, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांचा अभ्यास. डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनने म्हणजे अशाच दुसऱ्या उत्तेजक औषधाने निरोगी मुलगेही शांत झाले, मग गुण आला म्हणजे निदान बरोबर, असं कसं म्हणता, हा तुमचा सवाल. अभ्यास मला माहीत आहे, तुम्ही सांगायची गरज नव्हती. तो विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

पुढच्या वेळी खरं नाव घालून लिहा. आणि हो, मूळ लेखातलं साल आत्ताच बदललंय, बघून घ्या.