झायनचा दाखला देऊ नकोस, दादा

पावसाळा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक भांडण उगवतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडे जायला वनखात्याची मनाई होते आणि चुलतदादा पेटतो. यंदा त्यानं लिहिलं, 'ही बंदी नाही, दडपशाही आहे. मराठी माणसाचा तालुका ना, मग करा सगळं बंद! अमेरिकेत लोक दऱ्याखोऱ्यांत कसे मोकळे हिंडतात ते विचारा आमच्या धाकट्याला.'

धाकटा म्हणजे मी. सॉल्ट लेकला येऊन चौदा वर्षं झाली. नुसता दाखला दिला, विचारलं कुणीच नाही. तरी सांगतो.

मोकळे कसले! आमच्या यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात एंजल्स लँडिंगच्या सुळक्यावरची साखळी धरायची तर २०२२ पासून लॉटरी आहे, नंबर लागला तर चढा. तिथल्याच नॅरोज या अरुंद घळीत नदीच्या पात्रातूनच चालायचं असतं. वसंतात बर्फ वितळून पाणी सेकंदाला १५० घनफुटांवर गेलं की ती वाट बंद, कधी कधी आठवडेच्या आठवडे. पुढं जुलै ते सप्टेंबर तिकडेही 'मान्सून' म्हणतात. आंबोलीनं ऐकलं तर पोट धरून हसेल. पण त्याच चार सरींनी घळीत लोंढा येतो. पाऊस पडलेला असतो कुठंतरी मैलोगणती लांब, डोक्यावर मात्र निळं आभाळ. सप्टेंबर २०१५ मध्ये कीहोल घळीत सातजण असेच गेले. परवाना होता त्यांच्याकडे.

हिवाळ्याचं तर विचारूच नका. खाली खोऱ्यात इनव्हर्जन, म्हणजे थंड हवेत कोंडलेला धूर, बसला की सगळं गाव वर डोंगरात पळतं, आणि वर लिटल कॉटनवूड दरीचा रस्ता अडवून, आपोआप कोसळण्याआधीच मुद्दाम हिमकडे पाडायचं काम चाललेलं असतं. आल्टा या स्कीच्या गावात इंटरलॉज, म्हणजे हिमकड्यांच्या भीतीनं घरबंदी, लागला की हॉटेलच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या आईनं पंचांग पाहावं तसं मी रोज सकाळी हिमकड्यांचा अंदाज पाहतो. लाल दिसलं की बूट परत कपाटात. यात कुणाला दडपशाही दिसत नाही.

दादाचं एक मात्र खरं. इथं आकडा सांगतात. पाणी किती, धोका कसला, कधी उघडेल, सगळं फळ्यावर असतं. आपल्याकडे बांबूला बांधलेलं बॅनर आणि काठी घेतलेला गार्ड. कारण सांगितलं नाही की माणूस आपलं कारण शोधतो, आणि बेळगावात ते एकच सापडतं. दोन्ही बाजूंना.

लहानपणी बाबा आम्हाला लाल बसनं गोकाकच्या धबधब्याला न्यायचे. घटप्रभा तांबडी, झुलता पूल पायाखाली हलणारा, आणि बाबांच्या मुठीत माझ्या शर्टाची कॉलर. तेवढाच सुरक्षेचा बंदोबस्त! परत येताना करदंट मिठाईचा पुडा. हे झायनच्या शटलमध्ये बसून कुणाला सांगू? मुलाला सांगितलं तर विचारतो, 'रेलिंग नव्हतं?'

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते. गेल्या जुलैत आम्ही आलो होतो. मुलांच्या शाळेची सुट्टी उन्हाळ्यात, म्हणजे तुमच्या ऐन पावसात. गोव्याला उतरून गाडी घेतली, चोर्ला घाट चढलो, जांबोटीच्या अलीकडे एका धबधब्याच्या फाट्यावर गार्डनं अडवलं. तो कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. दहावीपर्यंत कन्नड शिकलेला मी, समजलं सगळं, पण तोंडातून आलं इंग्रजी. तो हसला आणि सरळ आपल्या मराठीत आला. "पावसात सोडत नाही, साहेब. पाणी वाढलंय."

आणि मी, लॉटरीच्या रांगेत निमूट उभा राहणारा माणूस, म्हणालो, "पाच मिनिटं सोडा की. लांबून आलोय."

"कुठले तुम्ही?"

"बेळगावचे."

त्यानं गाडीची गोव्याची पाटी पाहिली, मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून बसलेला मुलगा पाहिला.

"ते झालं. आता कुठले?"

गाडी वळवली.